अंतराळात कॅशियर नाही

मूळव्याध, कर्ज आणि अंतराळयानांची आवड या तीन गोष्टी मध्यमवर्गीय माणसाने चारचौघांत काढू नयेत. पहिल्या दोन माझ्यापाशी आहेत की नाहीत, ते मी सांगणार नाही. तिसरी मात्र आहे, आणि ती गेल्या रविवारी माझ्याच घरात उघडी पडली.

झाले असे, की माझी चौदा वर्षांची कन्या सध्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' नावाची अमेरिकन मालिका दुसऱ्यांदा पाहते आहे. १९८३ सालच्या इंडियाना राज्यातली चार पोरे, त्यांच्या सायकली, त्यांचे वॉकीटॉकी आणि आपल्या जगाच्या पाठीमागे दडलेले दुसरे काळोखे जग. पाहता पाहता तिने सुस्कारा सोडला. "बाबा, तेव्हा किती मस्त होतं ना सगळं!"

मी म्हटले, आली संधी. तिला शेजारी बसवले आणि मोबाईलवर 'कॅप्टन व्योम' लावले. १९९८ साल, दूरदर्शन, केतन मेहतांसारखा दिग्दर्शक, मिलिंद सोमणसारखा नायक. पाचव्या मिनिटाला कन्या म्हणाली,

"बाबा, हे यान आईच्या मिक्सरच्या भांड्यावाणी दिसून राहिलं."

"माझं भांडं कशाला मधी आणता?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मला भांड्याचे दुःख नव्हते. अमेरिकेतल्या पोरांच्या १९८३ साठी हिचा जीव तुटतो आणि बापाच्या गोंदियातल्या १९८९ ला मिक्सरचे भांडे! अहो, सायकल तीही पोरे चालवत होती, सायकल मीही चालवत होतो. फरक एवढाच, की माझी सायकल थोरल्या भावाची होती आणि मी ती नळीखालून पाय घालून कैची चालवायचो. त्या रात्री मला झोप लागली नाही. झोप लागली नाही की बँकेतला माणूस जे करतो तेच मी केले. जुनी खाती तपासायला घेतली.

पहिले खाते 'स्टार ट्रेक'चे. मूळ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे चालली. दूरदर्शनने ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दाखवली. दादा कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि मी खालून "आलं... आलं... गेलं!" असे कळवायचो. पडद्यावर दिसणाऱ्या निम्म्या चांदण्या अंतराळातल्या असत आणि निम्म्या मुंग्या असत. इंग्रजी 'येस' आणि 'नो'च्या पलीकडे कळत नव्हते, त्यामुळे मालिका फारच गहन वाटली.

पुढे बी.कॉम. झाल्यावर तीच मालिका पुन्हा पाहिली, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा, की या यानावर कॅप्टन आहे, डॉक्टर आहे, इंजिनिअर आहे. कॅशियर कुठे आहे? चारशेच्या वर माणसे पाच वर्षांच्या दौऱ्यावर निघालेली आणि टी.ए. बिल पास करताना कोणी दिसत नाही! १९९६ च्या चित्रपटात तर कॅप्टन पिकार्ड सांगूनच टाकतो, की आमच्या काळात पैसा ही वस्तू उरलेली नाही. परग्रहावरच्या राक्षसांना मी कधी भ्यालो नाही, पण ते वाक्य ऐकून मला घाम फुटला. त्यातल्या त्यात धीर दिला तो फेरेंगी नावाच्या जमातीने. नफा हाच यांचा देव, आणि नफा कसा कमवावा याचे २८५ नियम. हे नाव 'फिरंगी' या आपल्याकडेही चालणाऱ्या शब्दावरून घेतलेले आहे. शिवकाळापासून आपण ज्यांना फिरंगी म्हणत आलो, त्यांनी तोच शब्द उचलून आपल्या लोभी व्यापाऱ्याला लावला. एवढा चोख उलट जमाखर्च मी नोकरीत पाहिलेला नाही.

गंमत म्हणजे पैसा नाकारणाऱ्या या मालिकेची सर्वांत गाजलेली करामत पैशाच्या टंचाईतून जन्मली. माणूस यानात विरघळतो आणि ग्रहावर प्रकट होतो, ती. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चात बसेना, म्हणून ही युक्ती काढली. टीकाकार तिला कल्पनाशक्ती म्हणतात. आमच्याकडे तिला काटकसर म्हणतात. विश्वास बसत नाही तो मला वेगळ्याच ठिकाणी. त्या यानावरचा कॉम्प्युटर हाक मारली की उत्तर देतो. एकदाही, अगदी एकदाही, "लिंक नाही, दुपारून या" असे म्हणत नाही. असा कॉम्प्युटर निदान मी तरी हाताळलेला नाही.

हिंदुस्थानच्या वाट्याला त्या विश्वात काय आले, तेही पाहून घेऊ. १९६७ साली खान नूनियन सिंग हा खलनायक आला. उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बानने, आणि पगडी नाही, दाढी नाही! मग १९७९ च्या चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा आली. १९६५ ची मिस इंडिया. तिचे तर सगळे केसच उतरवले. अंतराळात जायचे तर आपल्या माणसाने केस खालीच ठेवून जावे, असा काही नियम असावा.

आता आपले स्वतःचे खाते. १९८९ साली 'स्पेस सिटी सिग्मा' आली. कॅप्टन तारा हा नायक आणि झखाकू हा दुष्ट. त्याच वर्षी 'इंद्रधनुष' आली, तिच्यात गिरीश कर्नाड होते आणि लहानगा करण जोहरही होता. पोरे जोडजाड करून कॉम्प्युटर बनवतात आणि काळाच्या मागेपुढे जातात, हे पाहून मी आणि दादाने घरचा रेडिओ उघडला होता. आम्ही काळात मागे गेलो नाही. वडील मात्र भराभर पुढे आले.

सेट पुठ्ठ्याचे होते, हे कन्येचे म्हणणे मला कबूल आहे. पण वाचकहो, पुठ्ठा हा आरोप आम्हा झाडीपट्टीच्या माणसाला लागू पडत नाही. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम लागला, की आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटके चालतात. मागे रंगवलेला पडदा. वारा आला की अख्खा राजवाडा हलतो. पण त्याच्यापुढे घरातून हाकललेली सून उभी राहिली, की घोंगडी पांघरून बसलेली दोन-तीन हजार माणसे नाक ओढतात. राजवाडा हलला, अशी तक्रार मी आजवर ऐकली नाही. सून नीट रडली नाही, ही तक्रार पहाटे घरी जाताना हमखास ऐकली आहे.

'कॅप्टन व्योम' उणे पडले ते इथे. गोष्ट बावीसाव्या शतकातली, तुरुंगातून पळालेले भयंकर गुन्हेगार आणि त्यांना पकडणारा देखणा व्योम. सगळे होते, पण व्योमला मावशी नव्हती. त्याचे कोणाकडे काही राहिलेले नव्हते, त्याला कोणी रागावत नव्हते. उलट १९९७ ला सुरू झालेला 'शक्तिमान' बघा. त्याचे विज्ञान म्हणाल तर शून्य. अंगातली सात चक्रे जागी झाली की माणूस गोल फिरत उडतो, हे कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? पण उडून झाल्यावर तो पुढे आलेल्या दातांचा पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री होऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत बोलणी खायला हजर असायचा! मुकेश खन्नांचा तो गंगाधर आमच्या ओळखीचा होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. काकांच्या पोरांना सांभाळण्याच्या निमित्ताने रविवारी दुपारी टीव्हीपुढे बसायचो आणि नेमकी वीज गेली, तर पोरांच्या आधी मी ओरडायचो. खलनायक किल्विषाला जगात अंधार हवा होता. आमच्या गल्लीत त्याला फारसे कष्ट पडत नव्हते. शेवटी पोरांना दात घासा, खोटे बोलू नका, असे सांगणारा तुकडा यायचा, तो मात्र मला कधी सोसला नाही. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला सुविचार वाचून दाखवावा, तसे वाटायचे.

या सगळ्यांत पैशाच्या मानाने मोठा कारभार केला तो मात्र टीव्हीबाहेरच्या माणसाने. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या इसमाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. हा इसम म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून नाव घेतलेले, कारण खऱ्या नावाला बक्षीस मिळाले असते तर ते कथेला मिळाले की केंब्रिजला, हे कळले नसते. २० मे २०२५ रोजी ते गेले, त्या दिवशी मी काउंटरवर दोनदा चुकीची रक्कम मोजली. त्यांच्या 'यक्षांची देणगी'त 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा आहे. यान नाही, झगमगीत सूट नाही. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके चिकटवली की होते ती मोबियसची पट्टी, क्रिकेट, आणि एक गणपतीची मूर्ती. खर्चाच्या बाजूला काहीच नाही आणि वाचताना अंगावर काटा.

हे सगळे पहाटे तीनला सुचले. सांगायला श्रोता मिळाला दुसऱ्या दिवशी रात्री, वीज गेली तेव्हा. इन्व्हर्टरने मान टाकली, वायफाय गेले, 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधला राक्षस अर्ध्या उडीत अडकला. मी अंधारात कन्येला ती गोष्ट सांगितली. वहीचा कागद फाडून पट्टी केली, पीळ दिला, खळ लावली. मोबाईलच्या उजेडात तिने पट्टीच्या मधोमध पेनाने रेघ ओढत नेली. रेघ दोन्ही बाजूंना उमटून जिथून निघाली तिथेच परत आली. तिने ती पुन्हा ओढली.

"म्हणजे यातून एक चक्कर मारून आलं, की डावं ते उजवं?"

"कथेत तसं होते."

काही न बोलता ती उठली. चपलांचा आवाज देवघराकडे गेला, मग थांबला, कारण चपला तिथे काढाव्या लागतात. मोबाईलचा उजेड बराच वेळ भिंतीवर हलत राहिला.

"बाबा," तिने आतून विचारले, "आपल्या गणपतीची सोंड आधीपासूनच डावीकडे होती का?"

मला खरोखरच आठवेना.