साठ आणि आठ यांच्यामधला ‘स’

चिखल्याच्या खदानीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाची कानाबद्दलची तक्रार बहुधा एकच असते : ऐकू येतं, पण समजत नाही. श्रवणयंत्र विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनीही हे वाक्य नीट ऐकलं, तर निम्मी निवड तिथेच होते.

चिखला ही तुमसर तालुक्यातली, मॉयल या सरकारी कंपनीची भुयारी मँगनीज खाण. बंद बोगद्यात दगडाला जॅकहॅमर लागतो तेव्हा जवळच्या माणसाच्या कानाशी आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. वर्षानुवर्षं असा आवाज सोसला की कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, आणि पहिला घाव बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. तपासणीच्या आलेखात नेमका तिथे खड्डा दिसतो. खालच्या पट्टीतले स्वर पुष्कळदा शाबूत राहतात; जातात ती स, च, फ, ट ही वरची पातळ व्यंजनं. म्हणून तुमसरच्या बाजारात दुकानदार ‘साठ’ म्हणतो आणि कानाशी ‘आठ’ पोचतं. दुकानदार वैतागून ओरडला, तर ‘आठ’च मोठ्यानं ऐकू येतं.

मी कुठलंही यंत्र या ‘स’वरून जोखतो. ते किती मोठ्यानं बोलतं, हे मला फार नंतर विचारावंसं वाटतं.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत ही कसोटी आणखी कठीण होते. झाडीबोलीत ‘श’ची जागा ‘स’ घेतो. ‘श’ची शक्ती साधारण २५०० हर्ट्झपासूनच सुरू होते, पण ‘स’ राहतो ४००० ते ८००० च्या घरात. बरीच साधी यंत्रं ५००० च्या पुढे लंगडी पडतात. प्रमाण मराठीतला ‘शेत’ त्यांतून कसाबसा निघेल. इथला ‘सेत’ निघेलच असं नाही. शहरातल्या दवाखान्यात बसवून आणलेली मशीन गावात आल्यावर कमी वाटते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

जुनी खिशातली मशीन आवाजाच्या बाबतीत सगळ्यांत दरिद्री. माईक छातीवर, त्यामुळे सदऱ्याची सळसळ आधी आणि माणूस नंतर. तरीही तिचा एक गुण मान्य करावाच लागेल : राठ बोटांना फिरवता येईल एवढं बटण आणि कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा पेन्सिल सेल. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइड निघतं आणि ते कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला जातं. ज्या मातीनं कान नेले, तिचाच अंश सेलमधून परत कानाच्या कामी येतो, हे मला फार मोठं वाटतं.

कानामागच्या डिजिटल यंत्रांत खरी गंमत सुरू होते. इथे हळू आवाज जास्त वाढवला जातो, मोठा आवाज कमी. या दाबण्या-सोडण्याच्या वेगात यंत्राचा दर्जा कळतो. स्वयंपाकघरात परात पडली. यंत्रानं तो दणका दाबला, छान. पण दाबलेलं सोडायला त्यानं उशीर केला, तर त्याच वेळी सून विचारते, “मामाजी, भात वाढू का?” आणि त्यातला ‘भात’ गडप होतो. उरतं ‘वाढू का?’. काय वाढू? मग पुन्हा विचारणं आलं, आणि तीनदा विचारून झालं की माणूस विचारणंच सोडतो. चांगल्या यंत्रात परात दूर पडल्यासारखी वाटते आणि भात जागच्या जागी राहतो.

दुसरी गोष्ट स्वतःच्या आवाजाची. खाणीतल्या माणसाला खालची पट्टी ऐकू येत असल्यानं, कानात बसवायच्या साच्यानं कान गच्च बंद केला की स्वतःचंच बोलणं रिकाम्या माठात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं. पुष्कळ मशिनी याच एका कारणानं डबीत पडून राहतात. भोकांचा मऊ डोम लावला की कान मोकळा राहतो. मात्र मग बाहेरचा आवाज थेट आत येतो आणि यंत्रातला काही मिलिसेकंद मागून. दोघांच्या मिसळण्यानं बोलण्याला पत्र्याची झाक येते. डेन्मार्कच्या वायडेक्सनं २०२० मध्ये ‘मोमेंट’मध्ये हा उशीर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास आणला. कारागिरी म्हणून मला ती दाद देण्याजोगी वाटते.

आणि नाटक? दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, दंडारीचा लोकनाट्याचा खेळ होतो, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. तिथे बोलण्यासाठी बसवलेली मशीन हमखास फसते. यंत्राची शिट्टी वाजू नये म्हणून आत एक राखणदार असतो. लांब टिकणारा एकसुरी आवाज आला की तो त्याला शिट्टी समजतो. ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवला की राखणदार त्याच्यावर धावून जातो आणि सुराशेजारी दुसरा, थरथरणारा सूर उमटतो. ढोलकीची थाप जवळून आली तर माईकच्या पुढची पायरीच भरून जाते आणि थाप फुटते. म्हणून मशीन घेताना संगीताचा वेगळा प्रोग्रॅम मागून घ्यावा : राखणदार ढिला, गोंगाट कमी करणारी करामत बंद, दाबणं सौम्य. घेणारे हे क्वचितच मागतात, आणि मग आयुष्यभर ज्या नाटकांना जागले, त्या नाटकांना जाणं बंद करतात. मला हे नुकसान ‘साठ’-‘आठ’च्या गोंधळापेक्षा लहान वाटत नाही.

‘स’ सर्वांत स्वच्छ ऐकवते ती स्पीकर थेट कानाच्या नळीत ठेवणारी बारीक वायरची मशीन. पण चिखल्याचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा या नाजूक स्पीकरला मानवत नाहीत. घाम, ओल, कानातला मळ यांनी तो बसतो. स्पीकर कानामागेच ठेवून बारीक नळीनं आवाज आत नेणारी मशीन वरच्या टोकाला थोडी कमी पडते, पण नळी घरच्या घरी साफ होते, बदलता येते. रोजच्या वापरासाठी माझा कौल हिला. हिला पुष्कळदा नारिंगी खुणेचा १३ नंबरचा सेल लागतो. तो हवेवर चालतो, म्हणून चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवावा. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. रात्री झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावी.

पैसे मोजकेच असतील, तर एका कानाला भारी मशीन घेण्यापेक्षा दोन्ही कानांना साध्या घ्याव्यात. गोबरवाहीच्या रस्त्यानं सायकलवर जाताना मागून ट्रक येतोय हे एका कानाला कळतं. तो कुठल्या बाजूनं काढणार आहे, हे कळायला दोन लागतात.