बोडका आणि बोडकी

वेणी, अंबाडा, खोपा, बुचडा हे शब्द केसांची ठेवण सांगतात. 'बोडकी' मात्र बाईचे वैधव्य सांगते. बोडका डोंगर म्हणजे झाडे नसलेला, बोडका माणूस म्हणजे टोपी-पागोटे न घातलेला. स्त्रीलिंगात त्याच विशेषणाचे नाम झाले आणि नामाची शिवी. नुसता अर्थ देणारा कोश इथे अपुरा पडतो; शब्द कोण कोणाला उद्देशून वापरी, तेही नोंदवायला हवे. (पुरुषाची शेंडी 'लावण्या'पुरतीच बदनाम झाली!) 'सोवळी' हा सभ्य पर्याय मला अधिक क्रूर वाटतो, त्यात वस्तरा पावित्र्याआड दडतो. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. शिवी मात्र त्यानंतरही बोलीत राहिली.