पेन्सिलची रेघ

डिस्नेच्या धाडसाची गोष्ट निघाली की अभ्यासक १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’पाशी थांबतात. आयव्हिंड अर्लची मध्ययुगीन वळणाची पार्श्वचित्रे, सुमारे ६० लाख डॉलर खर्च आणि पहिल्या प्रदर्शनात तोटा. मला मात्र १९६१ चा ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ जास्त धाडसी वाटतो, आणि तो तर काटकसरीतून निघालेला! झेरॉक्समुळे चित्रकाराची पेन्सिल थेट पारदर्शक पत्र्यावर उतरली; क्रूएलाच्या हाडकुळ्या अंगावर ती खरबरीत रेघ शोभते. खुद्द वॉल्टला ती रुचली नाही. चित्रपट चालला. पूर्वी तीच रेघ शाईने गिरवणाऱ्या हातांचे, बहुतेक स्त्रियांचे, काम मात्र गेले. चित्रपटाच्या यशाचा हिशेब मांडताना आपण समीक्षक त्यांना धरतच नाही. मीही इतकी वर्षे धरले नव्हते.