सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथनिवड व निर्लेखन : संख्येच्या निकषाची चिकित्सा

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि खेड्यापाड्यांतील वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. कायद्याचे हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि १९७० च्या अनुदान नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडताना ग्रंथसंख्येला जे महत्त्व दिले, त्याचा संग्रहविकासावरील परिणाम तपासणे आवश्यक आहे.

जेथे वर्ग ग्रंथसंख्येवर अवलंबून असतो, तेथे वाळवी लागलेला ग्रंथ किंवा २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर मागे पडलेली दंड संहितेची मार्गदर्शकेही दाखल नोंदवहीत कायम ठेवण्याकडे कल राहणे स्वाभाविक आहे. खरेदीतही अल्प किमतीच्या पुस्तकांना झुकते माप मिळून कोश व संदर्भग्रंथ मागे पडतात. शासनमान्य ग्रंथयादी निवडीस साहाय्यभूत ठरते. परंतु स्थानिक वाचकाची गरज देवघेवीच्या नोंदींतूनच कळते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रांपैकी अखेरचे सूत्र ग्रंथालयास वर्धिष्णू संस्था मानते. प्रौढ सजीवाची वाढ आकारमानापेक्षा पेशींच्या नूतनीकरणात असते. परिपक्व ग्रंथालयासही हेच लागू पडते. मात्र स्थानिक इतिहास, जुनी नियतकालिके व दुर्मीळ ग्रंथ यांना केवळ अल्प वापराचा निकष लावून निर्लेखित करणे घातक ठरेल. म्हणून लिखित संग्रहधोरण, ग्रंथनिवड समितीत वाचकप्रतिनिधी आणि अनुदानासाठी संख्येबरोबर वापराचाही विचार या तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, या पहिल्या सूत्राशी अनुदानाचे निकष सुसंगत झाले तरच संग्रह वाचकाभिमुख होईल.