निखळलेल्या दाताची साक्ष

माझ्या आईच्या वरच्या कवळीचा पुढचा दात वर्षभरात तीनदा निखळला. तिसऱ्यांदा तो भाकरीच्या घासात सापडला. हातात घेऊन पाहिला, तर त्याचे बूड गुळगुळीत होते. गुलाबी ॲक्रिलिकचा कणही चिकटलेला नव्हता. म्हणजे सांधा मोडला नव्हता, तो नीट जुळलाच नव्हता. त्या निमित्ताने या विषयावरचे शोधनिबंध वाचले. त्यांच्याबद्दलची माझी तक्रार इथे मांडतो.

विषय क्षुल्लक नाही. १९९४च्या एका ब्रिटिश पाहणीत कवळ्यांच्या दुरुस्त्यांपैकी ३३ टक्के निखळलेल्या दातांच्या होत्या. चिनीमातीचे दात खिळ्यांनी किंवा खोबणीने अडकवावे लागत. ॲक्रिलिकचा दात ॲक्रिलिकच्या बैठकीशी रासायनिक रीतीने जुळतो, ही या द्रव्याची जमेची बाजू. मात्र त्यासाठी मोनोमर दाताच्या बुडात झिरपावा लागतो. मेणाचा पातळ थर राहिला किंवा साच्याला लावायचा अल्जिनेटचा लेप तिथे लागला, की तो अडतो. दात झिजू नयेत म्हणून त्यांच्यातील रेणूंची आडवी गुंफण वाढवतात. तीही त्याला आत शिरू देत नाही. दुरुस्तीत तर वेळ वाचवण्यासाठी उष्णतेशिवाय घट्ट होणारे ॲक्रिलिक वापरतात. त्याचा सांधा उष्णतेने शिजवलेल्या ॲक्रिलिकपेक्षा सहसा कमकुवत असतो.

माझ्या वाचनातल्या बहुतेक निबंधांची रीत एकच: नवा दात, नवी बैठक, यंत्राचा एकच वाढता जोर, आणि शेवटी मेगापास्कलचा तक्ता. काही अभ्यासक नमुने ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात, हे मान्य. पण दुरुस्तीला येते ती वर्षानुवर्षे पाणी शोषलेली बैठक आणि एकदा निखळलेला दात. त्यावर पडतात ते हजारो लहान, तिरके दाब. नव्या सांध्याचा आकडा दुरुस्त केलेल्या सांध्याला लावणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. सांधा किती जोराने तुटला हे ठळकपणे छापले जाते. कुठून तुटला हे मात्र ओझरते येते. दातातून किंवा बैठकीतून भेग गेली, तर सांधा त्या द्रव्याहून बळकट ठरला. दात स्वच्छ सुटून आला, तर सांधाच कच्चा. दातांच्या आंतरराष्ट्रीय मानकातली जुळणीची चाचणीही हेच पाहते. केवळ सरासरी दिली, तर हा भेद झाकला जातो.

अपवादही आहेत. फिनलंडचे पेक्का वालिट्टू आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये बैठकीच्या दुरुस्तीचा अभ्यास करताना तुटलेला पृष्ठभाग १८० सेकंद मोनोमरने भिजवला. ताकद वाढली, हे त्यांनी सांगितलेच. सांध्यावरच सुटून येण्याचे प्रमाण घटले, हेही सांगितले. कवळी दुरुस्त करणाऱ्याला उपयोगी पडते ते असे संशोधन.

चौथ्या वेळी मी तंत्रज्ञाला दाताचे बूड खरवडून, खाच पाडून, तीन मिनिटे मोनोमरने ओले ठेवायला सांगितले. तो दात अजून जागेवर आहे. एका कवळीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण त्या वर्षात आई दोन लग्नांना गेली नाही, आणि ते कोणत्याही तक्त्यात येणार नाही. निदान दात कुठून सुटला, एवढे तरी तक्त्याच्या पहिल्या रकान्यात यावे.