जागराची रात्र, दोंडाईचा

खानदेशातल्या दोंडाईच्याला रात्र दोन तऱ्हांची असते. एक रोजची, आणि एक श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारची. शहर किती वाढलं ते रोजच्या रात्री कळतं. या शहराची जात कोणती, हे मात्र त्या एका रविवारच्या रात्रीशिवाय कळत नाही.

आधी रोजची रात्र. तालुक्याचं ठिकाण शिंदखेडा, पण तालुक्याचा बाजार दोंडाईच्याचा. 2011च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आत असलेलं हे गाव तेव्हापासून नंदुरबार रोड आणि शहादा रोड या दोन्ही अंगांनी पसरत गेलंय. सुरत-भुसावळ लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ताप्ती व्हॅली रेल्वेच्या काळात पडला, आणि गावाची रात्र तेव्हापासून गाड्यांच्या वेळांना बांधलेली आहे. सुरतेकडून येणारी गाडी लागली की स्टेशनाबाहेर रिक्षांचे दिवे लागतात, चहाच्या टपरीवरचं पातेलं पुन्हा चढतं. मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यातली पाळी सुटते ती स्टेशनासमोरच्याच रस्त्यानं घरी जाते. हिवाळ्यात वाऱ्यालाही चव असते. नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यात ओली लाल मिरची मोकळ्या जागेवर वाळत पडते, त्या जागांना पथारी म्हणतात. रात्री गारव्यानं हवा खाली बसली की तो झोंबरा वास गल्लीगल्लीत उतरतो. बाहेरचा माणूस ठसकतो, गावचा माणूस एवढंच म्हणतो, की यंदा माल बरा आलाय.

आणि शेवभाजी. दोंडाईच्याच्या रात्रीबद्दल लिहायचं आणि शेवभाजीला ओलांडून जायचं, हे मला जमणार नाही. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटलेलं, त्यात लसूण, आलं, कोथिंबीर, वर काळा मसाला, आणि तेल सुटेपर्यंत धीर. सगळी कला या धीरात आहे. घाई केलेला रस्सा पहिल्या घासालाच ओळखू येतो, त्यात मसाला वेगळा लागतो आणि पाणी वेगळं. शेव जाड आणि तिखट हवी, आणि ती पडायला हवी अगदी शेवटी, गिऱ्हाईक बसल्यावर. चांगला भटारी पातेल्यात शेव टाकून ठेवतच नाही. ती वाटीत घेऊन वरून उकळता रस्सा सोडतो. मग टेबलावर येईपर्यंत शेव बाहेरून मऊ झालेली असते आणि आत अजून कणखर असते. हा अवधी चार-पाच मिनिटांचा. तेवढ्यात जेवायला लागावं. सोबत कळण्याची भाकर मिळाली तर रोटीकडे बघू नये.

ही रात्र मला प्रिय आहे. पण ती धुळ्याला मिळेल, अमळनेरला मिळेल, थोड्या फरकानं कुठल्याही वाढत्या गावात मिळेल. 2020च्या जानेवारीत मुंबईत मॉल, चित्रपटगृहं, खाणावळी रात्रभर उघड्या ठेवायची मुभा मिळाली, तेव्हा रात्रीच्या जीवनावर बरीच चर्चा झाली. तिचा सगळा रोख कुठलं दुकान किती वाजेपर्यंत उघडं राहील यावर होता. श्रावणातल्या त्या रविवारी, कानबाई देवीच्या जागराच्या रात्री, दोंडाईच्यात जवळजवळ काहीच विकलं जात नाही. दुकानं बंद असतात, आणि गाव मात्र पहाटेपर्यंत टक्क जागं असतं.

या रात्रीची तयारी गिरणीपासून सुरू होते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्याचं पीठ करायचं, त्याचे रोट. पूर्वी हे दळण जात्यावर होई. आता ते चक्कीवर जातं, पण चक्कीवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं. तो चक्की धुऊनपुसून तयार ठेवतो, मगच कानबाईचं दळण पडतं. रोटाचं जेवण कुळातल्यांनीच जेवायचं. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. त्यामुळे सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राहणारा भाऊ, नाशकात नोकरीला असलेला पुतण्या, पुण्यात शिकणारा नातू, सगळ्यांना यावंच लागतं. त्या शनिवार-रविवारी सुरतेकडून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसते. नारळ हीच देवी. तिला नथ, डोळे, दागिने, साडी, चौरंगाभोवती केळीचे खांब, वर दिव्यांच्या माळा. या सजावटीत अलीकडे थर्माकोल आणि रंगीत दिवे फार झालेत. ज्या घरात जुन्या पितळी समया आणि आईची पैठणी एवढ्यावर भागवलेलं असतं, तिथे नारळाच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं. बाकी ठिकाणी डोळे दिव्यांवरच अडकतात. नऊनंतर या घरून त्या घरी दर्शनाची ये-जा सुरू होते. पोरं, म्हातारी माणसं, शेजारपाजार. ही रात्रीची पहिली फेरी, आणि खरं सांगायचं तर ती थोडी विस्कळीत असते.

खरं गाणं दहानंतरचं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि कानबाईच्या गाण्याच्या दृष्टीनं ही मोठी कृपा आहे. माइक बंद झाला की बायका जवळ सरकून बसतात. माइकवर एकच गळा ऐकू येतो, बंद झाल्यावर खोली ऐकू येते.

गाण्याची बांधणी वरवर साधी. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात. सुरांचा पल्ला चार-पाच स्वरांचा, तो कुणाच्याही गळ्याला झेपतो. पण झेलण्याकडे नीट कान द्यावा. पुढचीचा शेवटचा स्वर अजून संपलेला नसतो, तेवढ्यात दोघी-तिघी खालच्या सुरात त्यात शिरतात, मागोमाग बाकीच्या. पुढचीला तेवढ्यात श्वास मिळतो. दोन आवाजांचा हा जोड कधी उघडा पडत नाही. रात्रभर गाणं तुटत नाही त्याचं कारण हेच. प्रत्येकीला विसावा मिळतो, गाण्याला मिळत नाही.

दुसरं म्हणजे यादी. ही गाणी याद्यांवर चालतात. देवीला काय काय नेसवलं, कुठल्या कुठल्या गावावरून ती आली, कोण कोण भाऊ तिला घ्यायला गेला. ओळ तीच, त्यात एकच शब्द पालटतो. घाईत ऐकणाऱ्याला हा तोचतोचपणा वाटतो. पण त्या पालटणाऱ्या शब्दाकडे सगळ्या खोलीचे कान लागलेले असतात. कारण दागिने आणि गावं संपली की माणसांची नावं सुरू होतात. या घरचा थोरला, मधला, धाकटा, नवी सून, कालपरवा जन्मलेलं लेकरू. आपलं नाव कधी येतं म्हणून दाराआड उभी असलेली पोर, नाव आल्यावर तिचं ओढणीत तोंड लपवणं. पुढची बाई जाणती असेल तर ती एखादं नाव मुद्दाम मागे ठेवते, सगळ्यांना वाटतं विसरली, आणि फेरा संपता संपता नेमकं तेच घेते. नाट्य कसं साधायचं हे त्या बाईला कुणी शिकवलेलं नसतं. कितीतरी श्रावण सासूच्या मागे बसून झेलता झेलता ते तिच्या अंगात मुरलेलं असतं.

आणि अहिराणी. खानदेशी बोलीत ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. काळा तो काया, केळ ती केय. बोलताना हा फरक नुसता हेल म्हणून जाणवतो, गाताना तो गाण्याचा कणा होतो. जीभ टाळूला अडत नाही, स्वर मोकळा वाहतो, आणि लांबवायचा तेवढा लांबवता येतो. त्यात ‘माले’, ‘तुले’ अशी रूपं, ‘ना-नी-नं’ हे प्रत्यय. यमक शोधायला जावंच लागत नाही, ओळीच्या टोकाला ते आपसूक येऊन बसतं. प्रमाण मराठीत उतरवलेली कानबाईची गाणी मी ऐकली आहेत. अर्थ जागच्या जागी असतो, पण ओळ चालत नाही, खडखडते.

एक-दीडच्या सुमाराला फुगड्या होतात. अंगण लहान असेल तर गल्लीतच. कित्येक घरी या वेळी चहा पुरुष टाकतात. ते ओट्यावर बसलेले असतात, गाण्यात त्यांचं काम नसतं, आणि आपलं काम नाही हे त्यांना मान्य असतं. मला या रात्रीचं सगळ्यात मोठं सौंदर्य इथेच वाटतं. एरवी या गावात रात्री दहानंतर रस्त्यावर बाई दिसत नाही. टपरी, ढाबा, स्टेशन, सगळी रात्र पुरुषांची. घरात सगळ्यांत शेवटी झोपणारी आणि सगळ्यांच्या आधी उठणारी बाई त्या एका रात्री झोपतच नाही, आणि तेही कामासाठी नाही. दोनच्या ठोक्याला सासवा-सुना, लेकी, भावजया एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गात जातात. वाटेत कुणी थांबवत नाही, कुणी विचारत नाही. वाढत्या शहरांना रात्र सुरक्षित करायची असते, म्हणून खांब आणि कॅमेरे बसतात. ते बसावेतच. पण दोंडाईच्याला वर्षातून एक रात्र असं काही न लावता ती सुरक्षित करून दाखवता येते, हे गावानं स्वतःच नीट पाहायला हवं.

अडीचनंतर गाणं बदलतं. दर्शनाला आलेले पांगलेले असतात. लेकरं मांड्यांवर झोपलेली असतात. उरतात त्या सात-आठ जणी, आणि त्यांचे गळे बसलेले असतात. बसलेल्या गळ्याला दिखावा करता येत नाही. वरचे स्वर सुटतात, सूर आपोआप खाली येतो, लय संथ होते. ज्या म्हातारीनं संध्याकाळपासून नुसता टाळ्यांचा ठेका धरलेला असतो, तिला कुणीतरी म्हणतं, “चाल वं माय, आते तू म्हन.” ती आढेवेढे घेते. मग जे म्हणते ते बऱ्याचदा बाकीच्यांना येत नसतं. त्या एकदोन ओळी चुकत झेलतात, तिसऱ्या ओळीला सावरतात. गाणं एका पिढीकडून दुसरीकडे जातं ते हे असं, चुकत आणि सावरत, आणि कुणालाही वेगळा धडा न देता. सुना आता फोनवर ते टिपून घेतात. चांगलंच आहे. फक्त टिपताना झेलायचं राहून जातं, एवढीच माझी तक्रार.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन मिरवणूक अमरावती नदीकडे निघते. बँडवर माझा राग नाही. खानदेशातल्या बँडवाल्यांचा हात चांगला आहे, आणि क्लॅरिनेटवर अहिराणी चाल वाजते तेव्हा तिच्यातला श्वास शाबूत असतो. डीजेचं तसं नाही. त्याचा ठोका ठरलेला असतो, तो बाईच्या श्वासासाठी थांबत नाही, आणि रात्रभर जे झेलणं चाललेलं असतं ते पहिल्याच चौकात बुडतं. नदीवर नारळ पाण्यात बुडवून परत घरी आणायचा, अशी बऱ्याच घरांची रीत आहे.

दोंडाईच्याची रात्र बघायला कुणी येणार असेल तर माझं सांगणं एवढंच. श्रावणातला तो रविवार गाठावा. शेवभाजीचा बेत आदल्या रात्री उरकून घ्यावा, कारण त्या दिवशी खाणावळ उघडी सापडेलच असं नाही, आणि कुणाच्या घरचा रोट तुमच्यासाठी नसतो. दहाच्या गर्दीत दर्शन घ्यावं आणि निघावं. पुन्हा यावं ते अडीचला, गावातल्या जुन्या वस्तीत, जिथे आरास कमी आणि म्हाताऱ्या जास्त असतील अशा घरी. चपला बाहेर काढाव्यात, दाराजवळ भिंतीला टेकून बसावं, आणि फोन खिशातच राहू द्यावा.