कुठून सुरू करू? : ‘सिव्हिल वॉर’च्या वाचनक्रमाविषयी

‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ हा चित्रपट २०१६ साली आला. तो पाहून आलेल्या माझ्या भाच्याने मला विचारले, “मामा, याचं मूळ कॉमिक वाचायचंय. कुठून सुरू करू?” मी एका कागदावर अंकांची यादी करून दिली. काही महिन्यांनी तो भेटला तो कॅप्टन अमेरिकेचा कडवा समर्थक होऊन. आयर्न मॅनचे नाव काढले तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडत. मला गंमत वाटली आणि थोडी चुटपुटही लागली. कारण मी स्वतः ती कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा आयर्न मॅनची बाजू पटून उठलो होतो. कथा दोघांनी एकच वाचली होती. पण मी सुरुवात केली होती मुख्य मालिकेच्या सात अंकांपासून, आणि त्याला दिलेली यादी सुरू होत होती स्पायडर-मॅनपासून. म्हणजे त्याचे मत निम्मेअधिक मीच ठरवून टाकले होते, आणि तेही त्याला न सांगता.

या प्रकाराशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या आपल्या पिढीला क्रमाची फिकीर नव्हती. फँटमची गोष्ट कुठूनही उचलावी, बहुधा ती हातातल्या अंकातच पुरी व्हायची. मार्व्हल आणि डीसी या अमेरिकन प्रकाशनांचे तसे नाही. त्यांचे नायक एकाच जगात राहतात, प्रत्येकाचे स्वतंत्र मासिक चालते, आणि मधूनच एखादी मोठी घटना काढून ती सगळ्या मासिकांतून फिरवली जाते. हा क्रॉसओव्हर. त्याची एक मुख्य मालिका असते आणि तिला जोडलेले इतर मासिकांचे अंक असतात. त्यांना आपण जोडअंक म्हणू. ‘सिव्हिल वॉर’ची मुख्य मालिका सात अंकांची. जोडअंक सगळे धरले तर आकडा शंभराच्या जवळपास जातो. यांतले कोणते वाचायचे आणि कोणत्या क्रमाने, याच्या याद्या वाचक एकमेकांना देत-घेत असतात. आपण त्यांच्याकडे रेल्वेच्या वेळापत्रकासारखे पाहतो. मला मात्र आता वाटते की अशी प्रत्येक यादी म्हणजे त्या कथेवर दिलेला निकाल असतो, आणि यादी देणाऱ्याने तो मान्य करायला हवा.

कथा अशी. कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड गावी ‘न्यू वॉरियर्स’ हे तरुण नायक दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठी खलनायकांवर छापा घालतात. त्यांपैकी नायट्रो नावाचा खलनायक शाळेजवळ स्वतःचा स्फोट घडवतो आणि सहाशेहून अधिक माणसे मरतात. त्यात मुले आहेत. लोकक्षोभातून कायदा येतो : ज्यांच्याकडे अतिमानवी शक्ती आहे त्यांनी सरकारकडे नाव नोंदवावे, खरी ओळख द्यावी आणि सरकारच्या देखरेखीखाली काम करावे. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, कायद्याच्या बाजूने उभा राहतो. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, भूमिगत होतो. मार्क मिलर यांनी लिहिलेल्या आणि स्टीव्ह मॅक्निव्हन यांनी चितारलेल्या या मालिकेचा पहिला अंक मे २००६ मध्ये आला आणि सातवा फेब्रुवारी २००७ मध्ये.

फक्त हे सात अंक वाचले तर तोल स्टार्ककडे झुकतो. पहिल्याच अंकात मूल गमावलेली एक आई त्याच्या तोंडावर थुंकते, आणि पुढचे सगळे त्या थुंकीचे प्रायश्चित्त वाटू लागते. शेवटच्या लढाईत कॅप्टन जिंकत आलेला असतो. तेवढ्यात पोलीस, अग्निशामक दलाची माणसे, साधे नागरिक त्याला मागे ओढतात. तो आजूबाजूचा उद्ध्वस्त रस्ता पाहतो, मुखवटा काढतो आणि शरण जातो. ज्या सामान्यांसाठी लढायचे, त्यांनीच हात धरला. हा प्रसंग मॅक्निव्हन यांनी फार ताकदीने काढला आहे. तो वाचून मी ठरवले की कॅप्टनचा हट्ट चुकीचा होता, आणि मित्रमंडळींत तसे बोलूनही दाखवले. आता ते आठवले की थोडे ओशाळायला होते.

कारण त्यानंतर मी ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चे ५२९ ते ५३८ हे अंक वाचले. लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की. कायदा होण्याआधीच हा भाग सुरू होतो. स्टार्क पीटर पार्करला नवा लाल-सोनेरी पोशाख देतो, घरात आसरा देतो, वॉशिंग्टनला सोबत नेतो. तिथे टायटेनियम मॅन हल्ला करतो, आणि मग वाचकाला कळते की तो हल्ला खुद्द स्टार्कनेच घडवून आणला होता, सिनेटरांवर छाप पाडण्यासाठी. मुख्य मालिकेत याचा मागमूसही नाही. हे आधी वाचलेल्या माणसाला पहिल्या अंकातला थुंकी पुसणारा स्टार्क कसा दिसेल? माझ्या भाच्याला तो नाटकी दिसला. मला तो शोकाकुल दिसला होता.

पीटरचे मुखवटा उतरवणे हे याहून मोठे उदाहरण. मुख्य मालिकेच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो पत्रकारांसमोर येतो आणि आपले नाव सांगतो. कथेतला तो धक्का आहे, आणि धक्का म्हणून उत्तम आहे. स्पायडर-मॅनच्या ५३२व्या अंकात मात्र त्याच प्रसंगाच्या अलीकडची घालमेल अंकभर आहे : स्टार्कचे दडपण, मेरी जेनशी बोलणे, मे काकूंशी बोलणे. हा अंक आधी वाचला तर धक्का जातो आणि त्या जागी भीती येते. नंतर वाचला तर धक्क्याच्या मागची किंमत कळते. दोन्ही वाचने मला खरी वाटतात, पण पहिले स्टार्कवर आरोप ठेवते आणि दुसरे पीटरला फक्त समजून घेते. पुढे मालिका संपता संपता, ५३८व्या अंकात, पीटरवर झाडलेली गोळी मे काकूंना लागते. मुखवटा उतरवण्याचे खरे बिल ते. सात अंकांत ते कुठेच दाखवलेले नाही. (आणि वर्षभराच्या आतच ‘वन मोअर डे’ या कथेत मार्व्हलने सैतानाशी सौदा करवून हे उघड झालेले नावच जगाच्या स्मृतीतून पुसून टाकले. ती कथा मी माझ्या कुठल्याच यादीत घालत नाही. हाही निकालच, मान्य आहे.)

कधी कधी क्रम पात्राचा हेतूच बदलून टाकतो. रीड रिचर्ड्स हा फँटास्टिक फोरचा शास्त्रज्ञ स्टार्कच्या बाजूला का गेला? स्पायडर-मॅनच्या मासिकात तो पीटरला आपल्या एका काकांची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकशीच्या काळात ते काका समितीसमोर ताठ उभे राहिले आणि उद्ध्वस्त झाले. म्हणून कायदा कसाही असो, तो पाळावा, हा रीडने घेतलेला धडा. ‘फँटास्टिक फोर’च्या ५४२व्या अंकात लेखक बदलून ड्वेन मॅकडफी आले आणि कारणही बदलले. आता रीडने आयझॅक असिमॉव्हच्या कादंबऱ्यांतल्या ‘सायकोहिस्टरी’सारखे समाजाचे गणित मांडले आहे आणि कायदा झाला नाही तर सर्वनाश होईल असे उत्तर त्याला मिळाले आहे. एक रीड घाबरलेला पुतण्या, दुसरा गणितावर विसंबलेला शास्त्रज्ञ. काकांची गोष्ट आधी वाचली तर गणित ही नंतर शोधलेली सबब वाटते. गणित आधी वाचले तर काकांची गोष्ट पीटरला गप्प करण्यासाठी काढलेली वाटते. लेखकांमध्ये ताळमेळ नव्हता, हे सरळ उत्तर आहेच. पण वाचकासमोर लेखक नसतात, पाने असतात, आणि त्या पानांतून मला तरी पहिला क्रम अधिक माणसासारखा वाटतो. भीती आधी येते, तिचे गणित माणूस मागाहून मांडतो.

मूळ कायद्याबद्दलही तेच. सात अंकांत कायद्याचा मसुदा वाचायला मिळत नाही. तो काय करतो हे कळते ‘न्यू अॅव्हेंजर्स’च्या २२व्या अंकात. ल्यूक केज हार्लेममधल्या आपल्या घरात नुसता बसून आहे. तो कुणाशी लढत नाही, शक्ती वापरत नाही, फक्त सही करायला नकार देतो. स्टार्क समजवायला येतो तेव्हा केज त्याला १९५०च्या दशकातल्या मिसिसिपीची आठवण करून देतो. मध्यरात्री कायदा लागू होतो आणि सशस्त्र माणसे दारावर येतात. ब्रायन मायकेल बेंडिस यांचा हा एक अंक ‘सुरक्षितता की स्वातंत्र्य’ या गुळगुळीत प्रश्नाला एकदम जमिनीवर आणतो. काळ्या माणसाच्या दारावर मध्यरात्रीची थाप, हे अमेरिकन वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. तरी बहुतेक छोट्या याद्यांतून हा अंक गळतो, कारण ‘मुख्य कथानक’ त्याने पुढे सरकत नाही!

‘वुल्व्हरिन’चे ४२ ते ४८ हे अंकही असेच गळतात. मार्क गुगेनहाइम यांचे लेखन, हंबर्टो रामोस यांची चित्रे. चित्रे मला विशेष आवडत नाहीत, पण मुद्दा इथे आहे. दोन्ही पक्ष कायद्यावर भांडत असताना वुल्व्हरिन एकटा खऱ्या गुन्हेगाराच्या, नायट्रोच्या, मागे जातो. तिथे त्याला कळते की नायट्रोला शक्ती वाढवणारे औषध पुरवले गेले होते, आणि पुरवणारा होता ‘डॅमेज कंट्रोल’ या कंपनीचा प्रमुख. अतिमानवी लढायांनंतरचा ढिगारा उपसण्याची कंत्राटे हीच कंपनी घेते. विध्वंस जितका मोठा, तितका धंदा मोठा. हे कळल्यावर कायदा हवा की नको हा सगळा वादच थोडा पोकळ वाटू लागतो. मुख्य मालिकेने हा धागा उचलला असता तर मालिका वेगळीच झाली असती. तो उचलला नाही, ही ‘सिव्हिल वॉर’ची माझ्या मते सर्वांत मोठी त्रुटी, आणि ती जोडअंक वाचल्याशिवाय दिसतही नाही.

मग योग्य क्रम कोणता? काही जण प्रकाशनाचा क्रम प्रमाण मानतात. पण तो क्रम तरी कुठे शुद्ध आहे? चित्रे वेळेत पुरी होईनात म्हणून मुख्य मालिकेचा चौथा अंक २००६च्या ऑगस्टऐवजी सप्टेंबरमध्ये आला आणि पुढचेही लांबले. पुढचे रहस्य फुटू नये म्हणून त्यांना जोडलेली मासिकेही अडवून धरावी लागली. म्हणजे चित्रकाराच्या टेबलावर काम किती झाले, यावरही क्रम ठरत होता. दुसरा मार्ग पुस्तकरूपाने निघालेल्या खंडांचा. त्यात एकेका पात्राचे अंक एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे प्रत्येक खंड हा एका साक्षीदाराची सलग जबानी होतो. तिसरा, घटनांच्या कालक्रमाने सगळे विंचरून लावण्याचा. हा सर्वांत नेटका दिसतो आणि मला तो सर्वांत फसवा वाटतो. दहा जणांच्या परस्परविरोधी जबान्या कापून एका दोरीत ओवल्या की विरोध दिसेनासा होतो आणि एकच सर्वज्ञ निवेदक बोलतो आहे असा भास होतो.

आज कुणी विचारले तर मी आधी सातही अंक सलग वाचायला सांगतो. मालिकेला आपला पक्ष मांडू द्यावा, आणि वाचकानेही निर्धास्तपणे एक बाजू घ्यावी. मग स्पायडर-मॅन, मग केजचा तो एक अंक, मग वुल्व्हरिन. त्यानंतर पॉल जेंकिन्स यांची ‘फ्रंट लाइन’ ही अकरा अंकांची मालिका, जिच्यात बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड हे दोन पत्रकार युद्धाचा माग काढतात. तिच्या शेवटच्या अंकात सॅली कैदेतल्या कॅप्टनला विचारते की तुला मायस्पेस ठाऊक आहे का, आणि तो निरुत्तर होतो. देशाची नाडी कळण्याची ही कसोटी! या प्रसंगाची वाचकांनी भरपूर टिंगल केली आहे, आणि ती रास्त आहे. पण त्याच अंकात हे दोघे स्टार्कसमोर जाऊन त्याने युद्धकाळात खेळलेल्या एका भयंकर डावाचा पाढा वाचतात, आणि मग ती बातमी छापायची नाही असे स्वतःच ठरवतात. सात अंकांचा जो शेवट आपल्याला पटला होता, तो एका दाबलेल्या बातमीवर उभा आहे, हे असे उशिरा कळते. भाच्याला हे सुरुवातीलाच कळले होते, म्हणून त्याला फसवणूक जाणवलीच नाही. माझी झाली होती, आणि ती होणे हा वाचनाचा भाग होता असे मला आता वाटते.

सर्वांत शेवटी ‘द कन्फेशन’ हा सुटा अंक. लेखन बेंडिस यांचे, चित्रे अलेक्स मालीव्ह यांची. ‘कॅप्टन अमेरिका’च्या २५व्या अंकात, मार्च २००७ मध्ये, कॅप्टनला न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या जातात, त्यानंतर हा वाचायचा. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात स्टार्क कुणाशी तरी बोलत बसला आहे : हे सगळे का केले, कसे केले. शेवटी चौकट मागे सरकते आणि समोर कॅप्टनचे शव दिसते. एवढे करून काही साधले नाही, अशी कबुली तो त्या शवाला देतो. दुसरा भाग काळाने आधीचा आहे. कॅप्टन जिवंत आहे, कोठडीत आहे, आणि समोर उभ्या स्टार्कला विचारतो की हे सगळे करण्याच्या लायकीचे होते का. स्टार्क उत्तर न देता निघून जातो. उत्तर आधी छापले आहे आणि प्रश्न नंतर. आपल्याला ही रीत नवी नाही. भीष्मपर्वात संजय येऊन भीष्म पडल्याचे आधी सांगतो आणि दहा दिवसांचे युद्ध त्यानंतर.

काही याद्यांमध्ये या अंकाचेही दोन तुकडे करून दुसरा भाग कॅप्टनच्या मृत्यूआधी वाचा, असे सुचवलेले असते. कालक्रम त्याने बरोबर लागतो. पण मग कोठडीतला तो प्रश्न वाचताना त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नसते, आणि स्टार्क नुसताच पाठ फिरवून गेलेला दिसतो.